अंदाजपत्रक कंत्राटदाराचे, दरपत्रक घरमालकाचे

'बंगल्याचे संपूर्ण काम मालासहित, प्रति चौरस फूट अमुक रुपये. पाणी व वीज मालकाकडून. कर वेगळा.' स्वतःचे घर बांधू पाहणाऱ्या अनेक कुटुंबांच्या हाती पडणारे दरपत्रक एवढेच असते. लेटरहेडवर तीन ओळी, खाली सही आणि शिक्का. ज्या व्यवहारात आयुष्यभराची शिल्लक, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि वर बँकेचे कर्ज ओतले जाते, त्याचा कागदोपत्री आधार इतका तोकडा असावा याचे त्या वेळी कुणालाच आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटते ते आठ-दहा महिन्यांनी, 'जादा काम' या मथळ्याखालचे बिल मूळ रकमेच्या शेजारी येऊन बसते तेव्हा.

अशा वेळी सारा दोष कंत्राटदाराच्या लबाडीवर ढकलला जातो. काही प्रकरणांत तो खराही असतो. पण बहुतेक ठिकाणी चित्र जरा निराळे आढळते. कंत्राटदाराने अथवा त्याच्या अभियंत्याने कामाचे तपशीलवार अंदाजपत्रक केलेले असते. पाया किती खोल धरला, स्लॅब किती इंच जाडीचा, फरशी कोणत्या दराची, हे सारे त्याच्या वहीत वा संगणकावरील तक्त्यात नोंदलेले असते. मात्र त्या वहीतून ग्राहकाच्या हाती येते ती केवळ शेवटची बेरीज. बेरजेमागची गृहीतके वहीतच राहतात, आणि पुढचा बहुतेक वाद त्या न सांगितलेल्या गृहीतकांचाच असतो.

अंदाजपत्रक आणि दरपत्रक हे दोन शब्द बोलण्यात सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांची कामे वेगळी आहेत. अंदाजपत्रक हा कंत्राटदाराचा स्वतःशी चाललेला हिशेब. काम करायला आपल्याला किती खर्च येईल, हे ते सांगते. दरपत्रक हा दुसऱ्याला दिलेला प्रस्ताव. कोणते काम, कोणत्या प्रतीचे, किती रकमेत आणि कोणत्या अटींवर करून मिळेल, हे त्याने सांगायचे असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार प्रस्ताव स्वीकारला गेला की त्यातून करार उभा राहतो. म्हणजे अंदाजपत्रकातील चूक कंत्राटदाराच्या खिशाला भोवते, पण दरपत्रकातील संदिग्धता दोघांनाही भोवते.

अंदाजपत्रक तयार होते कसे, हे थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. नकाशावरून प्रत्येक कामाचे परिमाण काढायचे, त्या कामाचा दर ठरवायचा, दोहोंचा गुणाकार करायचा आणि शेवटी गोषवारा मांडायचा, ही त्याची जुनी आणि सर्वमान्य पद्धत. उदाहरणार्थ, एक हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब घेतला तर काँक्रीट भरते सुमारे ४१७ घनफूट, म्हणजे चार ब्रासहून थोडे अधिक, किंवा ११.८ घनमीटर. एम-२० प्रतीच्या १:१.५:३ या मिश्रणाला घनमीटरमागे सिमेंटच्या सुमारे आठ गोण्या लागतात. म्हणजे या एका स्लॅबला ९५ च्या आसपास गोण्या झाल्या. वाळू, खडी, सळई, सेंट्रिंग, गवंडी, बिगारी, मिक्सर व व्हायब्रेटरचे भाडे असे एकेक घटक जोडत 'दर पृथक्करण' पूर्ण होते. सरकारी कामांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर पृथक्करणात कंत्राटदाराचा नफा व वरकड खर्च यांपोटी १५ टक्के धरले जातात. खासगी घराच्या कामाला हे दर जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तरीही आपल्याला मिळालेला दर अगदीच हवेतला नाही ना, हे पडताळायला दरसूचीचा उपयोग होतो.

या सगळ्यातले ग्राहकाला काय दाखवायचे? सगळेच दाखवावे, असा आग्रह धरणे व्यवहार्य नाही. सिमेंटच्या व्यापाऱ्याकडून कंत्राटदाराला मिळणारी सवलत, सेंट्रिंगवाल्या ठेकेदाराशी ठरलेला दर, स्वतःचा नफा या त्याच्या धंद्याच्या बाबी आहेत. किराणा दुकानदाराला आपण घाऊक खरेदीची बिले मागत नाही, तसेच हे. झाकता येत नाहीत ती गृहीतके. पायाची खोली, काँक्रीटची प्रत, विटा भाजलेल्या की सिमेंटच्या ठोकळ्याच्या, आतल्या व बाहेरच्या गिलाव्याची जाडी, सळईचा दर्जा, फरशीचा मूळ खरेदी दर, विजेचे पॉइंट किती, नळ कोणत्या श्रेणीचे ही यादी दरपत्रकाला जोडलेली नसेल, तर ग्राहकाच्या हाती आलेली रक्कम नेमकी कशाची, हे कुणालाच सांगता येणार नाही.

चौरस फूट नेमका कोणता?

प्रति चौरस फूट दर ही शहरी मध्यमवर्गाच्या ओळखीची भाषा, म्हणून कंत्राटदारही तीच बोलतात. घोटाळा असा, की फूट कोणता मोजायचा हे क्वचितच लिहिलेले असते. चटई क्षेत्र, महापालिकेच्या मंजूर नकाशावरील बांधकाम क्षेत्र आणि प्रत्यक्ष ओतलेल्या स्लॅबचे क्षेत्र हे तीन आकडे एकाच घराचे असूनही भिन्न असतात. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ ने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली. त्यात आतल्या भिंती धरल्या जातात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. ही व्याख्या सदनिकेच्या विक्रीसाठी आहे. स्वतःच्या भूखंडावर कंत्राटदाराकडून घर बांधून घेताना तिचे बंधन नाही. कंत्राटदार मोजतो ते सहसा स्लॅबचे क्षेत्र, कारण त्याचा खर्च तेथे होतो.

समजा, दर दोन हजार रुपये ठरला. घरमालकाच्या डोक्यात ११०० चौरस फूट चटई क्षेत्र आहे, म्हणजे २२ लाख. कंत्राटदार बाल्कनी, जिना, जिन्यावरची खोली धरून १४५० फूट मोजतो, म्हणजे २९ लाख. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक, आणि तरी सात लाखांची दरी. त्यातच माळे, पोर्च, कुंपणाची भिंत, जमिनीखालची पाण्याची टाकी, सेप्टिक टँक आणि गच्चीवरचे वॉटरप्रूफिंग या गोष्टी दरात आहेत की बाहेर, हा प्रश्न उरतोच. म्हणून जाणते वास्तुविशारद चौरस फुटाचा दर केवळ पहिल्या चर्चेपुरता वापरतात. प्रत्यक्ष दरपत्रकात एकूण रक्कम लिहून त्यासोबत क्षेत्रफळाचा तक्ता जोडतात आणि 'या रकमेत समाविष्ट नाही' अशी वेगळी यादी देतात. ही वगळलेल्या कामांची यादी लांब असेल तर घरमालक बिचकतो, अशी भीती कंत्राटदारांना वाटते. ती खरीही आहे. पण ग्राहकाने आधी बिचकलेले परवडते, स्लॅब पडल्यावर बिचकला तर काम थांबते.

'खडक वगळून'

अंदाजपत्रकात दोन-तीन शब्दांत सामावलेली आणि दरपत्रकात हमखास गाळली जाणारी एक नोंद म्हणजे पायाच्या खोदाईची. महाराष्ट्राचा मोठा भूभाग बसाल्ट खडकावर वसलेला. एकाच भूखंडाच्या एका कोपऱ्यात काळी माती सहा फूट खाली जाते आणि दुसऱ्या कोपऱ्यात दोन फुटांवर कठीण खडक लागतो. कंत्राटदाराने वहीत 'खोदाई, माती व मुरमात, खडक वगळून' असे लिहून दर धरलेला असतो. खडक लागला की ब्रेकर आणावा लागतो आणि दर कित्येक पटींनी वाढतो. उलट काळी माती खोल गेली, तर पाया खोल न्यावा लागतो. खोदाई, काँक्रीट, भरणी सगळेच वाढते. बारा कॉलमच्या घराला पाच फूट बाय पाच फूट, सहा फूट खोल खड्डे धरले तर अठरा ब्रास खोदाई होते. त्यातली निम्मी खडकात निघाली, तर पायाचे सारे गणित पहिल्या पंधरवड्यातच बिघडते.

यावर उपाय अवघड नाही. भूखंडावर तीन-चार चाचणी खड्डे घेऊन मगच दरपत्रक मागवावे. त्याचा खर्च एकूण रकमेच्या मानाने किरकोळ असतो. दरपत्रकात माती, मुरूम, मऊ खडक व कठीण खडक यांचे दर वेगवेगळे लिहावेत आणि परिमाण प्रत्यक्ष मोजणीनुसार राहील असे नमूद करावे. मोजणी दोघांच्या समक्ष, खड्डा बुजवण्यापूर्वी व्हावी. जमिनीखाली गेलेल्या कामाची मोजणी नंतर कुणालाच करता येत नाही, आणि नेमके हेच काम नोंद न करता बुजवले जाते. खोदाईच्या बाबतीत 'एकूण रकमेत सर्व आले' असे सांगणारा कंत्राटदार उदार वाटतो खरा, पण त्याने खडकाची जोखीम कुठे तरी धरलेलीच असते. एक तर रकमेत, नाही तर सळईत.

मोजण्याच्या रीती

परिमाण कसे मोजायचे हा तांत्रिक वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात पैशांचा असतो. दहा फूट उंचीच्या, बारा बाय दहाच्या खोलीच्या भिंतींना आतून ४४० चौरस फूट गिलावा भरतो. तीन बाय सातचे दार आणि चार बाय चारची खिडकी वजा केली, की तो ४०३ वर येतो. एका खोलीत आठ टक्क्यांहून अधिक फरक. मग वजावट करायची की नाही? मोजमापासाठी भारतीय मानक १२०० आहे, आणि त्यात याचे उत्तर दिलेले आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या पोकळीची वजावट नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या पोकळीची, दोन्ही बाजूंना एकच गिलावा असेल तर, फक्त एका बाजूची वजावट, कारण दारा-खिडक्यांच्या कडांचा गिलावा वेगळा मोजला जात नाही. तीन चौरस मीटरच्या पुढे दोन्ही बाजूंची वजावट करून कडा वेगळ्या धरायच्या. 'मोजमाप भारतीय मानक १२०० नुसार' एवढी एक ओळ दरपत्रकात असली, तर शेवटच्या बिलाच्या वेळी टेप घेऊन भिंतीपाशी भांडण्याचा प्रसंग टळतो.

सळईचे तसेच. बारा मिलिमीटर व्यासाच्या सळईचे वजन मीटरला सुमारे ०.८९ किलो धरले जाते. व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागले की हे वजन निघते. परंतु कारखान्यातून येणारी सळई या प्रमाण वजनाहून थोडी हलकी वा जड असू शकते. भारतीय मानक १७८६ तशी मुभा देते. दहा मिलिमीटरपर्यंत सात टक्के, त्यापुढे सोळापर्यंत पाच टक्के, त्याहून जाड सळईला तीन टक्के. मग पैसे वजनकाट्याच्या पावतीप्रमाणे द्यायचे की नकाशावरून काढलेल्या वजनाप्रमाणे? कापताना वाया जाणारे तुकडे कुणाच्या खात्यावर? बांधणीची तार वेगळी की दरात? कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात या प्रत्येकाचे उत्तर असते. दरपत्रकात ते उतरवायला चार ओळी पुरतात.

एककांचा गोंधळही कमी नाही. वाळू, मुरूम आजही ब्रासने येतात आणि तेथे ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गिलाव्याचा ठेकेदारही ब्रासच म्हणतो, पण त्याचा ब्रास शंभर चौरस फुटांचा. अभियंत्याचे अंदाजपत्रक मात्र मीटरमध्ये. चौरस मीटरला ४३० रुपये आणि चौरस फुटाला ४० रुपये हे दर जवळजवळ सारखेच आहेत, हे सामान्य माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. ज्या एककात ग्राहक विचार करतो, त्या एककात दरपत्रक लिहिणे हा साधा शिष्टाचार मानायला हवा. भाषेबाबतही तेच. इंग्रजी नमुन्यांतून उचललेली, एकेका कामासाठी अर्धे पान व्यापणारी वर्णने अभियंत्यांमध्ये ठीक. घरमालकाला 'जोत्यापर्यंत काळ्या दगडाचे बांधकाम, १:६ सिमेंट-वाळूत, दर्जा भरण्यासह' असे मराठीत लिहून दिले, तर तो ते वाचतो आणि प्रश्न विचारतो. कदाचित म्हणूनच ते लिहून दिले जात नसावे.

घासाघीस आणि तिचे गणित

दरपत्रक हाती आले, की पुढची पायरी घासाघिशीची. येथे दोन्ही बाजूंचे गणित कच्चे असते. समजा, सर्व खर्च धरून काम वीस लाखांत पडणार आहे. कंत्राटदार १५ टक्के नफा मिळवून २३ लाखांचे दरपत्रक देतो. त्याला वाटते, आपल्याला पंधरा टक्के सुटणार. वस्तुतः २३ लाखांवर तीन लाख म्हणजे १३ टक्केच झाले. मिळणाऱ्या रकमेच्या पंधरा टक्के हवे असतील तर वीस लाखांवर सुमारे साडेसतरा टक्के चढवावे लागतात. आता घरमालक 'फक्त पाच टक्के कमी करा' म्हणतो आणि सौदा २१ लाख ८५ हजारांवर ठरतो. ग्राहकाच्या दृष्टीने ही किरकोळ सूट. कंत्राटदाराच्या नफ्यातून मात्र ३८ टक्के गेले. तीन लाखांचे एक लाख ८५ हजार झाले. त्यातून पावसाळ्यात काम महिनाभर थांबणे, सेंट्रिंगवाला पळून जाणे असे काही घडले, की ती रक्कम कुठून तरी भरून काढणे आले. सिमेंटचे प्रमाण आणि पाणी मारण्याचे दिवस ही त्यासाठी सर्वांत सोयीची ठिकाणे, कारण ती नंतर दिसत नाहीत.

म्हणून रक्कम कमी करायची असेल, तर कामाच्या व्याप्तीत कमी करावी. 'फरशीचा मूळ दर ७० ऐवजी ५५ धरा, कुंपणाची भिंत पुढच्या वर्षी, फर्निचर वगळा' असे बोलणे झाले आणि दरपत्रक तेवढ्यापुरते बदलून पुन्हा लिहिले गेले, तर सूट कशातून आली हे दोघांना ठाऊक असते. एकूण रकमेवर सरसकट फुली मारून कमी आकडा लिहिण्याची आपल्याकडची रीत वरवर ग्राहकाच्या फायद्याची, आत मात्र त्याच्याच घरावर उलटणारी आहे.

सोसायट्यांच्या दुरुस्तीत तर सर्वांत कमी रकमेचे दरपत्रक हेच अनेकदा फसवे ठरते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांची दर तीन वर्षांनी करावी लागते. तपासणीच्या अहवालावरून परिमाणांचे पत्रक तयार होते आणि दर मागवले जातात. समजा, पत्रकात बाहेरचा गिलावा काढून नवा करणे १० हजार चौरस फूट, आणि गंजलेल्या सळईच्या जागी पॉलिमर मॉर्टरने काँक्रीटची दुरुस्ती ५०० चौरस फूट, अशी दोन कामे आहेत. पहिला कंत्राटदार ९० व ३५० रुपये दर भरतो. बेरीज १० लाख ७५ हजार. दुसरा ८० व ५०० रुपये भरतो. बेरीज १० लाख ५० हजार. सर्वसाधारण सभेत टाळ्यांच्या गजरात दुसऱ्याला काम मिळते. परांची बांधून हातोडीने ठोकून पाहिल्यावर कळते, की काँक्रीटची दुरुस्ती ५०० नव्हे, दोन हजार फूट आहे. जुन्या इमारतींत असे घडणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि अनुभवी कंत्राटदाराला ते खालून बघूनच कळलेले असते. आता पहिल्याचे बिल १६ लाख झाले असते, दुसऱ्याचे १८ लाख होते. २५ हजार वाचवायला गेलेल्या संस्थेला दोन लाखांचा भुर्दंड पडतो, तोही पूर्णपणे नियमांत बसणारा.

यासाठी दरपत्रकांची तुलना करणाऱ्या सल्लागाराने समितीपुढे केवळ बेरजांचा तक्ता ठेवू नये. कोणती परिमाणे अनिश्चित आहेत, ती दुप्पट वा चौपट झाल्यास प्रत्येकाची रक्कम किती होईल, हे एका पानावर मांडावे. घराच्या कामातही याचीच दुसरी आवृत्ती दिसते. पाया व जोत्याचे दर चढे, शेवटच्या रंगकाम-फरशीचे दर पडेल. म्हणजे सुरुवातीलाच पैसे हाती येतात आणि शेवटची कामे रखडतात. दरांची ही विषमता बेरजेत दिसत नाही, ती टप्प्यांच्या तक्त्यातच उघडी पडते.

करांबाबत थोडक्यात. 'कर वेगळा' हे दोन शब्द पुरेसे नाहीत. सोसायटीच्या मालासहित दुरुस्ती कंत्राटावर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे, म्हणजे वरच्या उदाहरणात सुमारे तीन लाख. नोंदणी नसलेल्या कंत्राटदाराला कर आकारताच येत नाही. स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाचे निव्वळ मजुरीचे कंत्राट करमुक्त आहे. दुरुस्तीला मात्र ही सूट नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. घरमालक स्वतः सिमेंट आणून देत असेल तर ही बचत थेट त्याची. नोंदणीकृत कंत्राटदार सिमेंटवर भरलेल्या कराची वजावट घेत असल्याने त्याच्या मूळ खर्चात तेवढा फरक पडत नाही. 'भाव वाढल्यास फरक मालकाने द्यावा' असे लिहिणाऱ्या दरपत्रकात भाव उतरल्यास काय, हेही लिहिलेले असावे, आणि मूळ भाव कोणत्या तारखेचा धरला तेही. प्रस्ताव किती दिवस खुला राहील हे न लिहिल्यास कायद्याच्या भाषेत तो 'वाजवी मुदती'नंतर संपतो. सळईचा भाव दर आठवड्याला हलत असताना वाजवी म्हणजे किती, यावर वाद घालत बसण्यापेक्षा 'तीस दिवस' असे लिहिणे सोपे.

काम सुरू झाल्यानंतरचे कागद

दरपत्रक स्वीकारले, की कागदाचे काम संपले असे मानले जाते. खरे तर येथून तिसरा कागद सुरू होतो, तो म्हणजे कामाचा अहवाल. सरकारी कामांत मोजमाप पुस्तिका असते आणि तिच्या आधारे धावती देयके निघतात. खासगी कामात पैसे 'उचल' म्हणून दिले जातात. स्लॅबला दोन लाख, मग मजुरांच्या पगाराला पन्नास हजार, दिवाळीला आणखी काही. सहा महिन्यांनी किती दिले हे ठाऊक असते, कशाचे दिले हे नसते.

चांगला अहवाल एका पानाचा असतो. प्रत्येक कामासमोर दरपत्रकातील परिमाण, आजपर्यंत झालेले, या बिलातील आणि उरलेले एवढे स्तंभ बहुतेक जण करतात. सर्वांत महत्त्वाचा स्तंभ मात्र गाळला जातो. अखेरीस हे परिमाण किती होईल, याचा आजचा अंदाज. समजा, दरपत्रकात सळई चार हजार किलो धरली आहे. पहिल्या स्लॅबपर्यंत दोन हजार लागायला हवी होती, लागली २३००. याच गतीने शेवटी ती ४६०० होईल. मजुरीसह किलोला ७५ रुपये धरल्यास ४५ हजारांची वाढ. हे पहिल्या स्लॅबनंतरच सांगितले, तर घरमालकाला निवड करता येते. वरच्या मजल्याच्या रचनेबद्दल संरचना अभियंत्याला विचारता येते, फरशी थोडी स्वस्तातली घेता येते, किंवा बँकेकडे वेळेवर जाता येते. तेच ४५ हजार शेवटच्या बिलात आले, तर निवड उरत नाही, उरतो तो संताप.

जादा कामांची गोष्ट याहून नाजूक. 'येथे एक कोनाडा काढा', 'ओटा थोडा लांब करा' असे घरातील वडीलधारे साइटवर येऊन मुकादमाला सांगतात आणि मुकादम 'होय साहेब' म्हणतो. दर कुणीच विचारत नाही. लेखी नसले तरी असे काम फुकट ठरत नाही. करार अधिनियमाचे कलम ७० सांगते, की मोबदल्याच्या अपेक्षेने कायदेशीरपणे केलेल्या कामाचा लाभ घेतला तर भरपाई द्यावी लागते. प्रश्न फक्त रकमेचा राहतो, आणि तोच कटू होतो. काम करण्यापूर्वी 'काय, किती रुपयांत, आणि त्याने मुदत किती दिवसांनी वाढेल' या तीन गोष्टींचा मोबाइलवरचा एक संदेश व त्यावर घरमालकाचे 'मान्य' एवढे उत्तर असले तरी पुढचा बराच त्रास वाचतो. मात्र तो संदेश ज्याने पैसे द्यायचे त्याला जायला हवा. सूचना देणाऱ्या काकांना नव्हे.

कागद नीट असण्याचा आणखी एक उपयोग आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये 'सेवा' या संज्ञेत घरबांधणीचा समावेश आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यातही १९९३ च्या दुरुस्तीनंतर तो होता. तेव्हा निकृष्ट वा अर्धवट कामाबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते. तेथे पहिला प्रश्न असतो तो काय ठरले होते याचा. तीन ओळींच्या दरपत्रकातून त्याचे उत्तर निघत नाही.

शेवटच्या बिलासोबत काय मिळावे, हेही आरंभीच्या दरपत्रकातच लिहून घेतलेले बरे. बिल्डरकडून घेतलेल्या सदनिकेतील संरचनात्मक दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत लक्षात आणून दिल्यास तो बिल्डरने विनाशुल्क दुरुस्त करावा, असे स्थावर संपदा अधिनियम सांगतो. स्वतःच्या घराच्या कंत्राटदाराला हे कलम लागू नाही. तेथे लिहाल तेवढीच हमी. म्हणून गळतीसाठी किती पावसाळे, तड्यांसाठी किती महिने आणि तोवर बिलातील किती टक्के रक्कम राखून ठेवायची, हे आकड्यांत नोंदलेले असावे. राखीव रक्कम परत करण्याची तारीखही त्याच वाक्यात हवी, कारण घरमालकही ती विसरतात आणि कंत्राटदार वर्षभर खेटे घालत राहतो. सोबत प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे सुधारलेला नकाशा, भिंतीत गेलेल्या नळांची व वायरिंगची छायाचित्रे, सळई व सिमेंटची चाचणी प्रमाणपत्रे, वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराचे हमीपत्र आणि वापरलेल्या रंगाचे छटा-क्रमांक एवढे एका फाइलमध्ये घालून मागावे. पाच वर्षांनी बाथरूमच्या भिंतीत खिळा ठोकताना नळ कुठून गेला आहे, हे त्या छायाचित्रांतच दिसते.